म्हात्रेबाईंचं दस्तक

म्हात्रेबाईंची आणि माझी ओळख झाली ती माझा डबा लुटला गेला म्हणून. पेणच्या शाळेत गणित शिकवायला लागलो त्याचा तो पहिलाच दिवस. सकाळी अष्टमीहून पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर आलो, एसटीत उभ्यानं पेण गाठलं, आणि मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन व्हरांड्यातून शिक्षकांच्या खोलीकडे निघालो. सातवी ब च्या दारासमोर दोन वेण्यांच्या एका मुलीनं छडीला बांधलेला तांबडा रुमाल माझ्यापुढे आडवा धरला. तिच्यामागे तीन-चार पोरं. त्यातलं एक आडदांड पोरगं पुढे झालं आणि कोर्टातल्या पट्टेवाल्याच्या थाटात म्हणालं, "दस्तक?"

"कसलं दस्तक?" मी विचारलं.

"नाय ना? मग डबा उघडा."

मी मुळातला तापट. मास्तराला अडवणाऱ्या पोराच्या मुस्काटात द्यायला माझा हात उचललाही गेला होता. तेवढ्यात वर्गातून बाई बाहेर आल्या. उंच, सावळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, बोटं खडूनं पांढरी. माझ्या वर गेलेल्या हाताकडे त्यांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही नवीन हाय. पन कायदा सगळ्यांना सारखा. दिगंबर, एकच वडी घे. आनि सरांना पावती दे."

पोरानं माझ्या आईनं केलेल्या कोथिंबीर वड्यांतली एक उचलली आणि मला एक चिठोरी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मिळाली, वडी एक.' खाली जांभळ्या शाईत एका गलबताचा शिक्का. तो शिक्का बाईंनी जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून स्वतः कोरला होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की या शाळेत एक वेडी बाई आहे आणि तिच्यापासून लांब राहायला हवं. ते काही जमलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो आणि माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं त्यांच्यामुळे झाली.

बाई इतिहास शिकवायच्या. म्हणजे सगळा इतिहास शिकवायच्या, पण मन खाडीत. खाडीकाठच्या आगरी घरातल्या, आपल्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. आपल्या किनाऱ्यावरच्या सरखेलांचा, म्हणजे मराठ्यांच्या आरमारप्रमुखांचा, धडा आला की त्या टेबलाच्या पुढे येऊन उभ्या राहायच्या. तीन वाक्यं पुस्तकातली बोलायच्या आणि चौथ्या वाक्याला थेट गावच्या भाषेत उतरायच्या.

"ह्या पाण्यातून जायचं तर आमच्या सरखेलाचं दस्तक घ्यायचं. दस्तक म्हंजे परवाना. ज्याच्याकडं दस्तक हाय त्याचं तारू सुखरूप. ज्याच्याकडं नाय, त्याचं तारू धरलं जायचं, माल सरकारजमा. आता टोपीकर, म्हंजे इंग्रज-पोर्तुगीज, काय बोलले? बोलले, हे चाचे. समुद्रावरचे दरोडेखोर. आनि त्यांच्या राजानं त्यांच्या कप्तानांना कागद दिलेला, की जा, शत्रूची गलबतं लुटा, वाटा आमाला द्या. मग त्यांचा कप्तान साहेब, त्याचे पुतळे. आनि आमच्या छत्रपतींचा शिक्का घेऊन उभा राहिला तो चोर? असं कसं गो?" शेवटचा प्रश्न पुढच्या बाकावरच्या मुलीला असायचा. मुलगी घाबरून मान हलवायची.

हे सगळं पोरांच्या डोक्यात नुसतं सांगून शिरत नाही म्हणून त्यांनी तो खेळ काढला होता. दर आठवड्याला वर्गातला एक जण सरखेल. त्याच्या हाताखाली तीन-चार जणांचं आरमार. सातवी ब चा व्हरांडा म्हणजे त्यांचं पाणी. दुसऱ्या वर्गाच्या पोरानं तिथून जायचं तर सकाळी बाईंकडून शिक्क्याची चिठ्ठी न्यायची. फुकट मिळायची, पण मागावी लागायची. न मागता जाईल त्याचा डबा अडवायचा. मात्र नियम कडक. आधी निशाण दाखवायचं, मागून झडप घालायची नाही. भर उजेडात, लोकांसमोर. एकच जिन्नस घ्यायचा. ज्याच्या डब्यात नुसती भाकरी आणि चटणी असेल त्याच्या डब्याला हात लावायचा नाही. घेतल्याची पावती द्यायची. आणि लुटीतली चौथाई सरकारात. सरकार म्हणजे बाईंच्या टेबलावरचा एक स्टीलचा डबा. ज्या पोरांनी डबा आणलेला नसायचा ती त्यातून जेवायची, आणि कुणी काही विचारायचं नाही.

मी त्यांच्याशी पहिल्या आठवड्यापासून वाद घातला. म्हटलं, "बाई, तुम्ही पोरांना लुटायला शिकवताय."

"कायद्यानं लुटायला," त्या म्हणाल्या.

"लूट ती लूट."

"नाय. शिक्का असला की लूट नाय, वसुली. अष्टमीकर, तुमचं गनित एका उत्तराचं. आमच्याकडं कोन उभं हाय त्याच्यावर उत्तर बदलतं."

अष्टमीकर हे नाव त्यांनीच मला दिलं आणि ते सगळ्या शाळेत चिकटलं. माझं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर रात्र पुरणार नाही. छत्री त्या कधी उघडायच्या नाहीत, भिजतच शाळेत यायच्या, छत्री नुसती दाखवायला. हमरापूरला गणपती आणायला जायच्या आणि दर वर्षी मूर्तिकाराशी भांडायच्या, की मला गलबतावर उभा असलेला गणपती दे. तो म्हातारा म्हणायचा, "बाय, देवाला उंदीर लागतो, होडी नाय." शेवटी एका वर्षी तडजोड झाली. गणपती नेहमीसारखा पाटावर आणि उंदीर एका छोट्या गलबतात. शाळेतली सगळी पोरं तो उंदीर बघायला गेली. मीही गेलो, खोटं कशाला बोलू. उंदराच्या तोंडावर सरखेलाचा रुबाब होता.

एकदा शिक्षणखात्याचे कोणी साहेब तपासणीला आले. व्हरांड्यातला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. भरल्या वर्गात ते बाईंना म्हणाले, "तुम्ही मुलांना चाचेगिरी शिकवता असं ऐकलं."

मुख्याध्यापकांच्या कपाळाला घाम आलेला मी दारातून पाहिला. बाई हसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमची जीप बाहेर हाय. तिच्या पुढं सरकारी पाटी हाय म्हनून शिपायानं धावत जाऊन गेट उघडलं. ती पाटी काढून ठेवा आनि परत या. तो तुमाला विचारील, कोन तुम्ही, कुठं चाललात. पाटी हाय म्हनून साहेब. आमच्या सरखेलाची पन पाटी होती. ती पोरांना दाखवते, बस."

साहेबांनी विषय बदलला. जेवणाच्या वेळी मात्र ते सातवी ब समोरून न जाता लांबच्या जिन्यानं गेले.

पण मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

बाईंचं गाव पेणच्या पश्चिमेला, खारात. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत आणि तोंडानं फाटकी आहेत. गाव आणि भातशेती एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून तो बांध. त्याला कुठे भगदाड पडलं, तर तिकडं म्हणतात खांड गेली. एकदा खांड गेली आणि खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून बांध राखायची गावाची जुनी रीत होती, तिचं नाव जोळ. बांधावरून हाक आली की घरटी एक माणूस फावडं किंवा घमेलं घेऊन निघालाच पाहिजे. चूल पेटलेली असो, घरात पाहुणा असो. जो येणार नाही त्याच्या अंगणात दुसऱ्या दिवशी गाव एक घमेलं चिखल ओतायचं. शाळेची नोकरी असूनही बाईंनी जोळ चुकवलेला कोणाला आठवत नव्हता. पंधरवड्याच्या उधाणाला त्या शाळेत आल्या की नखांत चिखल असायचा आणि त्या तो मुद्दाम धुवायच्या नाहीत.

दिगंबर, माझी वडी उचलणारा तो पोरगा, त्याच गावचा. बाईंचा लाडका. आठवड्याचे सरखेल कितीतरी झाले, पण दिगंबरसारखा नाही, असं त्या उघड म्हणायच्या. निशाण दाखवायला तो कधी विसरला नाही आणि चौथाई कधी बुडवली नाही. कॉलेज अर्धं सोडून तो धंद्यात पडला. आधी डंपर, मग दोन डंपर, आणि मग एक दिवस त्यानं खाडीतली रेती काढायचा सरकारी लिलाव घेतला. बार्ज आला, त्याच्यावर सक्शन पंप आला. खाडीच्या तळाशी पाइप सोडायचा आणि रेती पाण्यासकट ओढून घ्यायची. दिवसभर घरघर. पाइप पडायचा तो बांधापासून हाकेच्या अंतरावर, कारण तिथली रेती चांगली.

रेती गेली की तळ खोल होतो, तळ खोल झाला की बांधाचा पाय सुटतो. हे कळायला इंजिनियर लागत नाही. बांध एका जागी खाडीकडे कलला. गावकरी तहसील कचेरीत गेले, तिथल्या साहेबांनी कागद काढून दाखवले. परवाना होता, हद्द होती, शिक्के होते, सगळं रीतसर.

तेव्हा बाई एका रविवारी बार्जवर गेल्या आणि मला बरोबर नेलं. का नेलं ते देव जाणे, मला पोहताही येत नाही. दिगंबरनं खुर्ची मागवली, चहा मागवला, वाकून पाया पडला.

"दिगंबर, पाइप इथून काढ," बाई म्हणाल्या. "खांड जाईल."

"बाई, काय होत नाय. मी काय परका हाय काय?"

"म्हनूनच सांगते. तुझ्या आईचं शेत हाय बांधाच्या आत."

"आईला मी शहरात फ्लॅट घेऊन देईन." मग त्यानं खिशातून परवान्याची घडी काढली आणि हसत बाईंच्या हातात दिली. त्यात उर्मटपणा नव्हता, हे मला सांगायला हवं. तो खरंच कौतुकानं हसला. "बघा बाई. शिक्का हाय. तुम्हीच शिकवलंत ना, शिक्का असला की लूट नाय, वसुली."

बाईंनी तो कागद वाचला. घडी घालून परत दिला. चहा तसाच राहिला. परत येताना होडीत मला त्यांचं फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांच्या वादात जे मला जमलं नव्हतं ते त्यांच्याच लाडक्या पोरानं एका वाक्यात केलं होतं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

धक्क्याला उतरताना त्या म्हणाल्या, "अष्टमीकर, तुमी बरोबर होता."

"कशात?"

"अर्ध्यात," त्या म्हणाल्या. "उरलेलं अर्धं मी बघते."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. मी बांधावर पोचलो तर हाक पडून गेली होती आणि जोळ जमला होता. पण घमेली नव्हती, दोन होड्या होत्या. पुरुष बांधावर उभे, होड्यांत सगळ्या बायका. पुढच्या होडीत वेळूला बांधलेलं तांबडं लुगडं फडकत होतं. बाई त्याच्या खाली उभ्या होत्या, पदर खोचलेला. त्यांच्या शेजारी हातात मोठा पाना घेऊन बसली होती ती हिराबाय, दिगंबरची आई.

"हिराबाय, तू नको येऊस," बांधावरून कोणी तरी म्हणालं.

"का नको?" म्हातारी म्हणाली. "पोर माजा, मंग पाइप पन माजाच."

होड्या निघाल्या. बार्जजवळ पोचण्याआधी बाईंनी निशाण हलवलं आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं की गावचा जोळ येतोय, बांधाच्या पाण्यात गावच्या परवान्याविना पाइप आहे, तो जप्त होईल. बार्जवर बाहेरगावचे तीन-चार मजूर होते, ते बिचारे एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. बाईंचा आवाज मला बांधावर ऐकू येत होता. "त्यांच्या अंथरुनाला पाय लावू नका. चुलीला हात नाय लावायचा. जेवन झालंय का रे तुमचं?"

पाइप काढायला वेळ लागला. काळा, मांडीएवढा जाड, चिखलानं बरबटलेला. बायकांनी तो दोरानं ओढत होडीच्या मागे बांधला. निघताना बाईंनी मुकादमाच्या हातात पावती दिली. 'मिळाला, पाइप एक.' खाली चपलेच्या रबराचं गलबत. परत येताना बायका गात होत्या आणि बांधावरचे पुरुष आपल्याच बायकांकडे नव्यानं बघत होते. मी टाळ्या वाजवल्या. गणिताच्या मास्तरानं एका लुटीला टाळ्या वाजवल्या, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाजवीन.

बांधावर पाइपचे करवतीनं सारखे चार तुकडे केले. तीन गावानं ठेवले. चौथा तुकडा दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून बाई कचेरीत घेऊन गेल्या आणि साहेबांच्या दारात ठेवला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"चौथाई," बाई म्हणाल्या. "सरकारचा वाटा. पावती द्या."

पावती मिळाली नाही. पोलीस केस झाली. दिगंबरनं फिर्याद दिली, जबरीनं माल नेल्याची. त्यात बाईंचं नाव पहिलं आणि खाली होडीतल्या सगळ्या बायकांची. फक्त हिराबायचं नाव त्यानं गाळलं होतं. हे म्हातारीला कळलं आणि गावानं तिचा असा अवतार पाहिला नव्हता. लुगड्याला चिखल तसाच, ती पेणच्या ठाण्यात जाऊन उभी राहिली.

"माजं नाव का नाय?" तिनं हवालदाराला विचारलं.

"आजी, तुमच्यावर तक्रार नाय. घरी जा."

"पाना कोनी फिरवला? मी फिरवला. नट कोनी काडला? मी काडला. त्या बाया नुसत्या दोरी धरून व्हत्या. लिव माजं नाव, आनि पयलं लिव."

हवालदारानं तिला पाणी दिलं, बाकावर बसवलं, समजूत घातली. ती हलली नाही. संध्याकाळी दिगंबर तिला न्यायला आला तर त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी चोर नाय तर ह्या पन चोर नायत. आनि ह्या चोर, तर मी यांची म्होरकी. काय लिवतोस ते लिव." आईला आरोपी करायचं त्याच्या हातून झालं नाही. फिर्याद मागे घेतली गेली. बार्ज त्यानं बांधापासून लांब, खाडीच्या मुखाकडे नेला. आईशी मात्र त्यानं बोलणं टाकलं, आणि बाईंशीही.

पोलिसांचं मिटलं, पण शाळेचं मिटलं नाही. संस्थेच्या मंडळींनी बाईंना बोलावलं. शिक्षिकेनं असं वागणं बरं दिसत नाही, म्हणाले. झालं ते चुकीचं झालं अशा दोन ओळी लिहून द्या, विषय संपला. नाही दिलंत तर वर्ग काढून घ्यावा लागेल. निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. मुख्याध्यापक भला माणूस, तो अक्षरशः विनवत होता. मीही विनवलं. म्हटलं, "बाई, दोन ओळी. कोण वाचणार आहे?"

"मी वाचीन," त्या म्हणाल्या. "चूक झाली हाय माझी, पन ती बार्जवर नाय झाली. ती वर्गात झाली. ती वर्गातच सांगायला पायजे. तेवढा एक तास द्या, मग वर्ग घ्या काढून."

तो तास मिळाला नाही. इतिहास त्यांच्याकडून काढून घेतला आणि, हसू नका, माझ्याकडे दिला. त्यांना वाचनालयाच्या खोलीत बसवलं. मी सातवी ब वर सरखेलांचा धडा काढला. पुस्तक वर धरून वाचत होतो. पोरं माझ्याकडे अशी बघत होती की मीच कोणाचं तरी काही उचलून आणलंय. आणि दारात सावली पडली.

बाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. आत यायची त्यांना परवानगी नव्हती, आणि आयुष्यभर परवान्याचा कायदा शिकवलेली ती बाई उंबरा ओलांडत नव्हती. मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. वहीचं पान फाडलं. टेबलाच्या खणात तो चपलेचा शिक्का अजून पडलेला होता, तो तिनं शाईत बुडवून पानावर उठवला आणि दारापाशी जाऊन पान बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते पान कपाळाला लावलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा एकदाच पाहिलं. मग त्या आत आल्या, मी खुर्चीवरून उठून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

"पोरांनो, मी लय वर्सं एक गोष्ट चुकीची शिकवली," त्या म्हणाल्या. "सांगितलं, शिक्का असला की लूट नाय. ते अर्धंच हाय. आपल्या खेळाचे नियम आठवा. निशान, पावती, चौथाई, गरिबाची भाकरी सोडायची. मी ते नियम गंमत म्हनून घातले होते. पन खरी गोष्ट तीच होती, शिक्का नंतरचा. ज्याचं नेलं त्याच्यासमोर तोंड दाखवता आलं पायजे. ज्याच्या नावानं नेलं त्यानं विचारलं तर सांगता आलं पायजे. आनि आपल्याच गावाचा बांध पोखरतो तो सरखेल नाय, मग त्याच्या खिशात किती पन शिक्के असूदे."

मागून एका पोरानं विचारलं, "बाई, मग आपला सरखेल कधी चुकला असंल का?"

ह्या बाईनं सगळी हयात त्या माणसाची वकिली करण्यात घालवली होती.

"असंल," त्या म्हणाल्या. "एखाद्या गरीब तांडेलाचं तारू पन धरलं असंल. तेव्हा त्याला विचारायला कोन गेलं नसंल. तुमी विचारायचं. टोपीकरांना विचारायचं, आपल्याला पन विचारायचं. मला पन." मग माझ्याकडे वळून, "घ्या अष्टमीकर, तुमचा वर्ग," म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांना वर्ग मिळाला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. दोन ओळी मात्र शेवटपर्यंत लिहिल्या नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला. मीही निवृत्त झालो होतो. अष्टमीहून सहज भेटायला म्हणून निघालो, तर गावात सगळी घरं उघडी आणि माणूस नाही. बांधावर जोळ जमला होता. बांध पूर्वी कलला होता तिथेच पाणी झिरपत होतं आणि भरती चढत होती. पाइपचे ते तीन तुकडे गावानं बांधात आडवे बसवले होते, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून. भरतीसाठी त्यांची तोंडं लाकडी झडपांनी बंद केली होती. माणसांची रांग लागली होती, चिखलाची घमेली हातोहात पुढे जात होती. बाई रांगेच्या तोंडाशी उभ्या, केस पार पांढरे, पदर तसाच खोचलेला.

तेवढ्यात गावाकडून दिगंबर आला. हिराबायला जाऊन तेव्हा महिना झाला होता, हे मला नंतर कळलं. पायांत बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो रांगेत शिरू लागला तशी बाईंनी हात आडवा केला.

"दस्तक?"

रांग थांबली. तो मागे फिरला आणि गावाकडे निघून गेला. कोणी तरी म्हणालं, गेला, कशाला अडवलंत बाई, एक हात कमी झाला.

तो परत आला तेव्हा अनवाणी होता आणि हातात एक जुनं, कडेला चेपलेलं घमेलं होतं. हिराबायचं घमेलं सगळं गाव ओळखत होतं. बाईंनी त्याच्यावरून एकदा बोटं फिरवली आणि बाजूला झाल्या. "तिच्या जागेवर उभा राहा," एवढंच म्हणाल्या. जागा जिथे पाणी झिरपत होतं तिथलीच होती. तो गुडघाभर चिखलात उतरला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आनि अष्टमीकर, तुमी काय लग्नाला आलात?" मी चपला काढल्या आणि रांगेत शिरलो.

पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर राहिलं होतं. माती संपत आली होती, हात संपत आले होते. बाई बांधावर खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि वाऱ्यात, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या पाण्यालाच म्हणाल्या, "दस्तक नाय तुझ्याकडं. जा परत."

पाणी थांबलं. थोड्या वेळानं, अगदी सावकाश, ते एक बोट खाली गेलं. मी गणिताचा माणूस. घड्याळात बघून मला ठाऊक होतं की ओहोटीची वेळ झालेलीच होती. मी ते तिथे कोणाला सांगितलं नाही.